नुन्झियोची जीभ

"आजही तसंच," डोलोरेस नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली. "सांग ना तिला एकदाचं."

"मी? मैत्रीण तुझी आहे," वॉल्टर म्हणाला.

"म्हणूनच मी नाही सांगणार."

फिलोमेना त्यांच्या पाठीशीच शेजारच्या टेबलावर काटे-चमचे मांडत होती. ऐकू न आल्यासारखं करणं तिला आता चांगलं जमायला लागलं होतं.

संध्याकाळचे साडेपाच. उन्हाळी पाहुणे किनारा सोडून गेले होते, आणि आता गावातल्याच लोकांच्या जिवावर मार्चपर्यंत ओढायचं होतं. अकरा टेबलांपैकी दोन भरलेली. मागच्या वर्षी याच आठवड्यात लोक बाटल्या काखेत मारून दारात ताटकळायचे. दारूचा परवाना या खाणावळीला कधीच नव्हता. बाटली ज्याने त्याने आणायची, बूच फिलोमेनाने काढायचं आणि पहिला पेला आत स्वयंपाकघरात नवऱ्याला, नुन्झियोला द्यायचा, हा एकतीस वर्षांचा रिवाज. तो चाखून मग नुन्झियो सांगायचा, आज तुम्ही काय खायचं ते. लोक मुकाट्याने तेच खायचे, आणि बोटं चाटायचे.

पण एप्रिलमध्ये दोघांना एकदमच सर्दी-तापाने धरलं. फिलोमेना आठवड्यात उभी राहिली. नुन्झियो पंधरा दिवसांनी उठला, तो जीभ हरवूनच. निदान फिलोमेनाने तरी ते मे महिन्यातच ओळखलं. सॉस अळणी. शिंपल्यांचा रस्सा अळणी. ज्या माणसाच्या हातचं खाऊन तिने आईचा विरोध पत्करून लग्न केलं, त्याचं जेवण इस्पितळातल्यासारखं लागू लागलं होतं.

त्याला बोलायचं कसं? तिचा भाऊ एकदा नुसतं म्हणाला होता, "लसूण जरा जास्त झाला का रे?" तर नुन्झियो दोन वर्षं त्याच्याशी बोलला नव्हता. आणि चूल काढून घेतली, तर या माणसाने सत्तराव्या वर्षी करायचं काय? समुद्राकडे बघत बसायचं?

म्हणून ती गुपचूप सावरून घ्यायची. तो मागच्या दाराशी मासेवाल्याशी हुज्जत घालायला गेला, की झाकण उचलून मीठ. मे महिन्यात चिमूट पुरायची. आता मूठ लागत होती. बिचाऱ्याचं दिवसेंदिवस वाढतच चाललं होतं. आणि एवढं करूनही लोक निम्मं ताट ठेवून उठत होते.

शनिवारी अग्निशमन दलाची तीस माणसं जेवायला येणार होती. तीही अशीच उठली, तर गावात बोभाटा झालाच म्हणायचा.

"फिलोमेना, पाणी देतेस जरा?" डोलोरेसने हाक मारली. जग पुन्हा रिकामा झाला होता.

"आणि ही उघड," वॉल्टरने टेबलाखालून बाटली काढली. "घरची आहे. तळघरात विसरलोच होतो. आधी तू चाख."

तिने बूच काढलं, घोटभर घेतली. "छान झालीय की!"

वॉल्टरने ओठ लावला आणि पेला खाली ठेवला. डोलोरेस टेबलावरचा कपडा नीट करत बसली.

फिलोमेना पेला घेऊन आत गेली. नुन्झियोने घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि उरलेली सरळ मोरीत ओतली.

"आंबलीय. व्हिनेगर झालंय तिचं. वॉल्टरला म्हणावं, सॅलडवर घाल."

आता वाइनसुद्धा कळेना याला! ती बाहेर आली ती हसतमुखानेच.

"नुन्झियो खूश झाला हं! म्हणाला, वॉल्टरचा हात आहे."

"नुन्झियो म्हणाला?"

"हो."

वॉल्टरने बाटली हळूच टेबलाखाली सरकवली, आणि डोलोरेसने एकदम फिलोमेनाचा हात हातात घेतला. "काही लागलं तर सांगशील ना गं?"

ती कणव फिलोमेनाला सहन होईना. म्हणजे सगळ्या गावाला कळलंय. फक्त त्यालाच नाही. आता बाहेरच्या कुणी त्याच्या तोंडावर फेकण्याआधी आपणच सांगितलेलं बरं.

ती आत गेली. दार ओढून घेतलं.

नुन्झियो शेगडीपाशी उभा होता. समोर छोट्या पातेल्यात सॉस रटरटत होता. तिला बघून त्याने चमचा पुढे केला. अशी वेळ कित्येक वर्षांत आली नव्हती.

"चाखून सांग."

तिने चाखला. नेहमीसारखाच. गरम पाण्यात लाल रंग.

"कसा आहे?"

"नुन्झियो..." तिने चमचा खाली ठेवला. "रागावू नकोस. मला हाकलून दे हवं तर. पण अळणी आहे. एप्रिलपासून सगळंच अळणी असतं. तुझ्या जिभेची चव गेलीय रे. मी रोज मागून मीठ घालतेय."

तो ओरडेल म्हणून तिने खांदे आवळले. तो ओरडला नाही. त्याने शेगडी बंद केली, हात पुसले आणि तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

"ठाऊक आहे मला. मे महिन्यापासून मी कशातच मीठ टाकत नाही, मेना. तू टाकतेस म्हणून."

"मग हा सॉस..."

"हा फक्त तुझ्यासाठी केला. मिठाच्या चार मुठी टाकल्यात त्यात." त्याने तिचे दोन्ही हात धरले. "चव माझी नाही गेलेली गं. तुझी गेलीय."