ढिगारा उचलणे

नदीवरच्या नव्या पुलाचं अंदाजपत्रक संगणकाने सकाळीच काढलं. बांधकाम किती वर्षं टिकेल तेही हल्ली तोच सांगे, आणि त्याचं सहसा चुकत नसे. शेवटची बाब होती : पुलाचा ढिगारा व एक प्रवासी बस उचलणे, सातव्या वर्षी.

“ही बाब काढा,” कार्यकारी अभियंता रणपिसे कनिष्ठ अभियंता तन्वी म्हसकरवर खेकसले.

“सिमेंट वाढवून पाहिलं, ठेकेदार बदलून पाहिला. जात नाही, साहेब.”

“मग कशाने जाते?”

“मंजुरीच्या जागेवरून तुमचं नाव काढलं, की जाते.”

रणपिसेंनी पडद्यावर त्या बाबीपुढचा दर वाचला.

“मग राहू दे ती,” ते म्हणाले. “फक्त तिचा दर जरा वाढवा.”