कोरा तळहात

नस बधिर करणाऱ्या नव्या इंजेक्शनची चाचणी होती आणि टेलरबाईंचं अंग अकरा वर्षं नखशिखांत ठणकत होतं. पहिल्या दिवशी सिस्टरनं माणसाचं चित्र छापलेला कागद आणि लाल पेन हातात दिलं. "दुखतं तेवढं रंगवा. आणि खोडाखोड नको, फॉर्म बाद होतो." बाईंनी अख्खा माणूस लाल केला. "सगळंच कसं दुखेल हो?" सिस्टर हसली. घरी नवराही हेच म्हणायचा. निदान ही हसून तरी म्हणाली.

तिसऱ्या इंजेक्शननंतर एका सकाळी बाईंनी कात्री उचलली आणि अस्तराचं कापड एका दमात सरळ कापलं. बाकी अंग बोंबलत होतंच, पण उजवा तळहात गप्प होता.

शेवटच्या दिवशी चित्र रंगवायला त्यांनी अर्धा तास घेतला. मनगटाशी तर श्वास रोखून, रंग खाली उतरू न देता.

सिस्टरनं कागदावर एक नजर टाकली. "परत आपलं सगळंच! आणि घाईत हा एवढा हात राहिला बघा," म्हणत तिनं आपल्याच पेननं तळहात भरून टाकला आणि खाली लिहिलं, 'फरक नाही.'

"अहो, राहिला नव्हता, मुद्दाम सोडला होता! तेवढाच तर दुखायचा थांबलाय!"

सिस्टर थबकली. तिनं कागदाकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या रांगेकडे.

"आता खोडाखोड नाही करता येणार, बाई."