पाइपातून आलेलं उत्तर

प्रेमाच्या मुलुंडच्या फ्लॅटमधला कमोड तीन दिवस तुंबला होता. खालच्या घरात पाणी गळत होतं. शेजारीण दोनदा येऊन बोलून गेली आणि प्रेमाने मान खाली घालून ऐकून घेतलं.

भर दुपारी रतन प्लंबर आला. "तुंबलेला पाइप बद्द वाजतो, ताई," म्हणत त्याने पान्याने दोनदा ठोकलं.

आतून तीनदा ठोकल्याचा आवाज आला.

"वर काम चालू आहे का कुणाकडे?"

"वर गच्ची आहे," प्रेमा म्हणाली.

त्याने पुन्हा ठोकलं. पुन्हा तीनच, शेवटचा दमलेला.

प्रेमाचे कान तापले. गेल्या वर्षी वारलेल्या सासूबाई संडासातून अशाच दार ठोकायच्या; त्यांना एकटीला उठता येत नसे. प्रेमा टीव्हीचा आवाज वाढवून बसून राहायची. हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

रतनने पाइपाला कान लावला. बराच वेळ तो तसाच ऐकत राहिला. मग प्रेमाकडे न बघताच हळू म्हणाला, "आत कोणीतरी आजी बोलतायत, ताई. म्हणतायत, 'प्रेमा, तुजा आटपला की ये गो. माका घाई नाय.'"