साहेब पडले नाहीत

मंगळवारी सकाळी दहा वाजता साहेब शिडीवरून पडले. दहा वाजून पाच मिनिटांनी, ते पडलेच नाहीत असं ठरलं.

निमित्त तसबिरीचं होतं. शिड्यांच्या कारखान्यात मुख्य व्यवस्थापक म्हणून दहा वर्षं काढल्याबद्दल दर्शनी दालनात साहेबांची तसबीर लागणार होती. ती आपल्याच कारखान्याच्या शिडीवर चढून आपल्याच हाताने लावायची, ही कल्पनाही साहेबांचीच. तिसरी पायरी निखळली. साहेब खाली आले, तसबीर वर राहिली, तिरकी. टाळ्या सुरू झाल्या होत्या, त्या आता थांबवायच्या कशा हे कुणाला कळेना. दाराकडून एकच आवाज आला, "लागलं का रे?" तो सगळ्यांनी न ऐकल्यासारखा केला. प्रशासन अधिकाऱ्याने उभ्या उभ्या परिपत्रक लिहिलं: साहेब नियोजित वेळेआधी स्थानापन्न झाले. साहेबांनी जमिनीवर बसूनच त्यावर सही केली.

मग लंगडत, म्हणजे न लंगडता, ते केबिनमध्ये आले. निखळलेली पायरी उठताना हातात आली होती. सवयीने त्यांनी रिव्हेटवर अंगठा दाबला. रिव्हेट हललं.

ही सवय मावशींनी लावलेली. मावशी तपासणीच्या टेबलावर बसतात. अख्खा कारखाना त्यांना मावशीच म्हणतो. बावीस वर्षांपूर्वी साहेब रिव्हेट ठोकायला लागले तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, नुसतं बघत बसू नकोस पोरा, अंगठा लाव, आणि हललं तर घंटा वाजव. छताजवळ एक पितळी घंटा होती. ती वाजली की सगळी यंत्रं बंद. आठव्या महिन्यात साहेबांनी ती वाजवली. अख्खी पाळी खोळंबली, आणि तेव्हाच्या व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली. तिथून ते जे वर गेले ते थेट केबिनपर्यंत.

केबिनमध्ये मात्र घंटेचा त्रास व्हायला लागला. मीटिंगा मोडायच्या. म्हणून साहेबांनी नियम केला: घंटा वाजवायची तर छापील अर्ज करा, परवानगीशिवाय वाजवणारा त्याच दिवशी घरी. पुढे घंटेतला लोलकच काढून साहेबांच्या टेबलावर आला. तात्पुरता. कागद उडत नसत. दोन वर्षं घंटा वाजली नाही, आणि वार्षिक अहवालात ती दर्जातली सुधारणा म्हणून छापली गेली. बाहेर साहेब 'ऐकून घेणारा नेता' या विषयावर भाषणं द्यायचे. त्यात घंटेची गोष्ट असायची. लोक डोळे पुसायचे.

आता साहेबांनी लोलक उचलला. खाली तीन अर्ज होते. तिन्हींवर साहेबांच्याच अक्षरात 'पाहिले' असा शेरा होता, म्हणजे त्यांनी ते पाहिले नव्हते. पहिला चार तारखेचा. तिसऱ्या पायरीचं रिव्हेट हलतंय, घंटा वाजवू द्यावी. अकरा तारखेचा दुसराही तोच. अठराच्या अर्जात एक ओळ जास्त होती: अंगठा तोच आहे, जुना.

त्यांनी मावशींना बोलावलं. त्या आल्या तेव्हा साहेबांना मान वर करवेना.

"मावशी, मला तोंडी सांगायचंत ना."

"सांगितलं. तुम्ही म्हणालात, लेखी द्या."

"मग?"

"लेखी दिलं. तुम्ही त्यावर वजन ठेवलंत."

आवाजात राग नव्हता. राग असता तर साहेबांना जरा बरं वाटलं असतं. ही बाई आपल्याला अहोजाहो कधीपासून करायला लागली, हेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. खिडकीखाली ट्रकमध्ये चारशे शिड्या चढत होत्या. प्रत्येकीच्या तिसऱ्या पायरीवर उद्या कुणीतरी विश्वासाने पाय ठेवणार होतं.

साहेब लोलक घेऊन निघाले. घंटा उंच होती. शिडी हवी होती. आजूबाजूला शिड्याच शिड्या होत्या, आणि एकीवरही चढायची साहेबांची छाती होईना. मावशींनी आपलं बसायचं लाकडी स्टूल आणलं. दुसऱ्या कारखान्याचं.

"चढ," त्या म्हणाल्या. "मी धरलंय."

सकाळचा दारातला आवाज कुणाचा होता, ते साहेबांना तेव्हा कळलं.

लोलक अडकवण्याइतका हात पोचेना. चवड्यांवर उभं राहून त्यांनी तो हातोड्यासारखा हाणला. घंटा वाजली. कुणीही दचकलं नाही. नव्या लोकांनी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. त्यांना वाटलं, जेवणाची सुट्टी. साडेदहा वाजता यंत्रं बंद करून डबे उघडले गेले. ट्रकवरचे हमालही हात धुऊन आले. काम थांबलं ते असं.

संध्याकाळी संचालकांनी साहेबांना त्यांचाच नियम वाचून दाखवला. घंटा वाजवायला काही सबळ कारण होतं का, असं विचारलं. साहेब म्हणाले, मी पडलो. संचालकांनी परिपत्रक पुढे सरकवलं. ट्रकमधल्या चारशे मावशी तपासतील, एवढं त्यांनी मान्य केलं. पण तीन आठवड्यांत बाहेर गेलेल्या नऊ हजार शिड्या एका न पडलेल्या माणसाच्या शब्दावर परत मागवता येत नाहीत, हे त्यांनी शांतपणे समजावलं.

घरी जाण्यापूर्वी साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा तो छापील अर्ज भरला. दुसऱ्या दिवशी तो नव्या साहेबांच्या टेबलावर पोचला. तिथे एक जड, सुबक, पितळी वस्तू पडून होती. नव्या साहेबांनी 'पाहिले' असं लिहिलं आणि ती वस्तू अर्जावर ठेवली. अर्ज असा होता:

"चार तारखेपासून बाहेर गेलेल्या सर्व शिड्या परत मागवाव्यात. कारण विचारल्यास, खाली सही करणारा इसम मंगळवारी नव्हे, तर चार तारखेला, पहिल्या अर्जावर वजन ठेवताना पडला, अशी कारखान्याच्या दप्तरी दुरुस्ती करण्यात यावी, ही नम्र विनंती."