पाणी वाढलं का?

खिडकीतून आत उतरताच झाडं तोडणारा मांडीभर पाण्यात उभा राहिला आणि तिथंच थबकला. उंच झाडाच्या शेंड्यावर बसून तो निवांत विडी ओढायचा, म्हणून लोक त्याला वांदर म्हणायचे. पण त्याला पोहता येत नव्हतं, आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

सकाळी ओढ्याला एकाएकी लोंढा आला होता. त्यानं मुळासकट उपटून आणलेलं एक झाड शिंपीणबाईच्या घराची मागची भिंत फोडून आत घुसलं होतं. बाई आतच अडकली होती. पाठीला भिंत आणि पोटावर आडवी फांदी. शिलाई मशीन पाण्याखाली गेलं होतं, आणि लोकांचे शिवायला आलेले कपडे तिच्याभोवती तरंगत होते.

"लागलंय का कुठं, मावशी?"

"लागलं नाही रे. श्वास पुरत नाही. लवकर कर, बाबा."

त्यानं खोडाला हात लावला. एवढं मोठं खोड, पण हात लागताच ते जरासं डोललं. पाणी आणखी चढलं तर खोड उचललं जाणार आणि फांदी बाईला भिंतीत चेपणार. डोंगराकडचं आभाळ अजून काळंच होतं. बाहेर बाईचा दीर झाडं तोडणाऱ्याच्या कमरेला बांधलेला दोर धरून उभा होता.

"वरून पाणी यायला लागलं की हाक मारतो!" दीर ओरडला.

त्यानं हातकरवत काढली आणि चालवायला लागला. ओलं लाकूड करवतीला धरून ठेवत होतं. बोटभरसुद्धा खाच पडेना.

"पाठीवरची ती मोठी का नाही चालवत?" बाईनं विचारलं.

"पेट्रोलची आहे. लई आवाज करते. बाहेरची हाक ऐकू यायची नाही."

बाई त्याच्या हातांकडे बघत होती. करवत सारखी खाचेबाहेर निसटत होती.

"घाबरलास?"

"मला पोहता येत नाही, मावशी."

"मला तरी कुठं येतं," ती म्हणाली. "तू मोठीच चालव. पाण्याकडे मी बघते."

त्यानं खिळ्यानं दाराच्या चौकटीवर, पाण्याच्या जरा वर, एक रेघ ओढली.

"ही बुडाली की सांगा. मी निघणार." बोलून गेल्यावर त्याला तिच्या तोंडाकडे बघवेना. "दोघांनी मरून काय होणार?"

"बरं," ती म्हणाली.

करवत सुरू झाली. खोलीत दुसरं काही ऐकू येईना. धूर कोंडला. दाराकडे त्याची पाठ होती. थोडं कापून झालं की तो मान वर करायचा आणि ओठांनीच विचारायचा, वाढलं का? बाई मान हलवायची. नाही.

पुन्हा विचारलं. नाही.

मग करवतीनं त्याच्या तोंडावर गढूळ पाणी उडवलं. तो थांबला. बाईचे ओठ निळे पडले होते.

वाढलं का?

बाईनं दाराकडे बघितलंच नाही. त्याच्याकडे बघत तिनं मान हलवली. नाही.

त्यानं करवत पुन्हा लाकडाला लावली.

फांदी कडाडून तुटली. खोड गर्रकन फिरलं. त्यानं करवत सोडून दिली, बाईला मिठी मारली आणि दोर ओढला. बाहेरच्यांनी दोघांना खिडकीतून खेचून काढलं. चार पावलं गेले नसतील, तोच मागची उरलेली भिंत झाडासकट ओढ्यात गेली.

शाळेच्या ओसरीवर दोघांना घोंगड्या पांघरून बसवलं. दीर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "मी ओरडून ओरडून घसा बसवला, पण हा गडी जागचा हलला नाही! काळीज लागतं त्याला!"

झाडं तोडणारा घोंगडी घट्ट ओढून बसला होता. त्याचे दात वाजत होते.

लोक पांगल्यावर बाई हळूच म्हणाली, "ती रेघ बुडाली होती. तू पहिल्यांदा विचारलंस, तेव्हाच."

तो कमरेच्या ओल्या दोराची गाठ सोडवत राहिला.

"सांगितलं असतं तर तू गेला असतास."

"गेलो असतो," तो म्हणाला.

बाईनं घोंगडीत तोंड खुपसलं. तिचे खांदे हलायला लागले.

"पाणी माझ्याच कमरेला होतं की, मावशी," तो म्हणाला. "मला काय कळत नव्हतं?"

तिनं तोंड वर केलं.

"मग विचारत कशाला होतास?"

"तुम्ही नाही म्हणावं म्हणून."