शेवटच्या टाकीचा नळ

"नळ टाकीचा दिसला पाहिजे, पण त्यातून टाकीचं पाणी यायला नको," मालक म्हणाले. "जमेल?"

"जमेल. पण कशासाठी?" टाकीकाका म्हणाले. "टाकीचं पाणी चांगलं आहे, मालक."

टाकीकाका या कापडरंगाईच्या कारखान्यात बारा वर्षं सांडपाणी साफ करत होते. निळं-तांबडं पाणी एका टोकाने आत यायचं, चार टाक्यांतून फिरायचं आणि पाचवीतून नाल्यात जायचं. काका त्या टाक्या पोटच्या पोरांसारख्या सांभाळत. मालक मात्र बारा वर्षांत तिकडे दोनदा फिरकले होते, तेही नाकाला रुमाल लावून.

"चांगलं म्हणजे किती चांगलं? उद्या पर्यावरण खात्याच्या बाई येऊन नमुना नेणार. तो नापास झाला तर परवाना गेला, गेटला सील लागलं आणि चाळीस माणसं घरी बसली. त्यात तुम्हीही आलात."

बोलता बोलता मालकांनी पोट धरलं. खात्याचं नाव निघालं की त्यांना मुरडा यायचा. गेलं वर्षभर हेच चाललं होतं. डॉक्टरांनी ताण कमी करा आणि भरपूर पाणी प्या, असं सांगितलं होतं. ताण कमी करणं काही जमेना, म्हणून मालक पाणी दुप्पट पीत.

"मग नळातून पाणी कुठलं येणार?" काकांनी विचारलं.

मालकांनी केबिनच्या कोपऱ्याकडे अभिमानाने पाहिलं. "माझ्या मशीनचं."

ते मशीन म्हणजे मालकांचा जीव की प्राण. सात थरांतून गाळलेलं पाणी! त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. त्यावरचा लाल दिवा सारखा लुकलुकून डोळ्यांत खुपायचा, म्हणून त्यांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. दिवे, भोंगे आणि सरकारी स्मरणपत्रं, सगळ्यांचा बंदोबस्त ते असाच करत.

"मला हे पटत नाही," शेजारच्या टेबलावरून ताई म्हणाली. ती मालकांची थोरली बहीण. कारखान्याची कागदपत्रं तीच बघायची आणि पाण्याची बाटली घरून आणायची. "काका सांगतायत ना पाणी चांगलं आहे? मग उगाच कशाला नसते उद्योग?"

"ताई, तू फायली बघ. पाण्यातलं मला कळतं."

"कळू दे. तुझं मशीन तुला लखलाभ."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मशीनचं पाणी कॅनमध्ये भरभरून नेलं आणि भिंतीमागच्या नव्याकोऱ्या पिंपात ओतलं. पिंपातून एक पाइप नळापर्यंत आणला. काम नेहमीसारखं चोख झालं, पण काकांचा चेहरा उतरलेला होता. आपल्या टाकीवर मालकांचा एवढाही भरवसा नसावा, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

दहा वाजता तपासनीस बाई आल्या. पायात रबरी बूट, हातात बर्फाची पेटी. चहा नको म्हणाल्या. नळाखाली बाटली धरली, भरली आणि उजेडात धरून पाहिली.

"बरंच नितळ आहे हो."

"स्वच्छतेच्या बाबतीत आपण तडजोड करत नाही, मॅडम," मालक छाती फुगवून म्हणाले.

बाईंनी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. मग पिशवीतून दोरी बांधलेलं एक स्टीलचं भांडं काढलं आणि सरळ पाचव्या टाकीत सोडलं.

"हे... हे काय?"

"आता दोन नमुने घ्यायचे असतात. एक नळाचा, एक थेट टाकीतला. दोन्ही पास व्हावे लागतात."

मालकांच्या तोंडचं पाणी पळालं.

पुढचे आठ दिवस त्यांनी काढले कसे, ते त्यांनाच ठाऊक. घशाला सारखी कोरड पडायची. पाणी प्यायचं, पोट धरायचं, पळायचं आणि परत येऊन पुन्हा पाणी प्यायचं. दिसले की काकांवर डाफरायचं, हे मधल्या वेळात.

"तुमच्या टाकीने मला बुडवलं, काका!"

"निकाल तर येऊ द्या, मालक," काका म्हणत.

नवव्या दिवशी पाकीट आलं. मालकांनी काकांना बोलावून घेतलं. स्वतः पाकीट फोडायचा त्यांना धीर होईना. त्यांनी ते ताईकडे दिलं आणि मशीनमधून पेला भरून घेतला.

ताईने चष्मा लावला. "एक नमुना पास, एक नापास."

"झालं! संपलं सगळं!" मालक खुर्चीत कोसळले. पेला घटाघटा रिकामा करून त्यांनी दुसरा भरला. "बारा वर्षं काय केलंत तिथे, काका? चाळीस घरांची चूल विझवलीत तुम्ही!"

काका मान खाली घालून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अरे, पुढचं ऐकशील का?" ताई म्हणाली. "'टाकीतला नमुना. सर्व बाबतींत उत्तम. टाकीची निगा राखणाऱ्यांचं अभिनंदन.'"

काकांनी मान वर केली. मालकांचा पेला ओठांशीच थांबला. मग घोट आपोआप घशाखाली गेला.

"म्हणजे नळाचा...?"

"'नळाचा नमुना,'" ताई एकेक शब्द सावकाश वाचू लागली. "'रंग नाही, रसायन नाही. मात्र विष्ठेतले जंतू मर्यादेच्या साठपट.' आणि खाली बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलंय..."

तिने चष्म्यावरून भावाकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या पेल्याकडे, आणि पुढे वाचलं.

"'हे पाणी कृपया नाल्यात सोडू नये. नाला खराब होईल.'"