माशांचा रकाना

रान्हिल्डनं शाळेच्या आहाराच्या तक्त्यात माशांच्या रकान्यात लिहिलं होतं, 'कधीच नाही.' शाळेची नर्स गुनवोर गेल्या ऑक्टोबरातच बेटावर बदलून आली होती. तिनं ते दोनदा वाचलं. आठवड्यातून दोन-तीनदा मासे खावेत, असं सरकारी आहारपत्रक सांगतं. आणि या बंदरात तर मुलांच्या दप्तरांनाही कॉड माशांचा वास. तिनं रान्हिल्डच्या आईला, तुरीडला, बोलावून घेतलं.

मासळीच्या कारखान्यातून तुरीड जेवणाच्या सुट्टीत आली, रबरी बुटांसकट. लेक शेजारच्या खुर्चीत बसली. गुनवोरनं सांभाळून सांगितलं, की भाज्या, दूध, पाव, सगळं अगदी व्यवस्थित आहे, मासे तेवढे राहतात. तेही जमत नसेल, तर कॉडच्या तेलाचा एक चमचा तरी रोज द्यावा. मग कारणांची यादी पुढं सरकवून तिनं विचारलं, यातलं कुठलं लिहू? आवडत नाहीत, परवडत नाहीत, की अंगावर पुरळ उठतं?

तुरीडनं यादी शेवटपर्यंत वाचली.

"आमचं यात नाही," ती म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याची बोट उलटली होती. गावानं आठ दिवस शोध घेतला. बोट मिळाली, तो मिळाला नाही.

"कारखान्यात दिवसभर मासे कापते मी. तिथं तो नुसता माल असतो. पण इथल्या समुद्रातलं पोरीच्या ताटात वाढवत नाही माझ्याच्यानं."

गुनवोरनं यादी उचलून खणात टाकली. मुलीनं हे आईच्या तोंडून याआधी कधी ऐकलं नसावं. ती आईच्या हातांकडे बघत राहिली. मग तिनं गुनवोरला विचारलं, "डोंगरावरच्या तळ्यातले मासे समुद्रात जातात का?"

"नाही. ते तळ्यातच जन्मतात, तिथंच राहतात."

"मग ते या रकान्यात धरतात?"

"धरतात."

सुट्टी संपत आली, तशी तुरीड उठली, हातमोजे चढवून दारापाशी जाऊन थांबली.

"तळं अजून गोठलेलं आहे," ती लेकीला म्हणाली. "बर्फाला भोक पाडायचं गिरमिट शेजारच्या आयलर्टकाकांकडे असेल. घरी जाताना मागून घे."